तणावा

मेक जेनाब मावशी बोलेनाशी झाली
तेव्हा नदी पुलाच्या दुसऱ्या खांबापर्यंत चढून
परत गेली होती, म्हणजे डिसेंबर संपत आला असावा.
आझलीची बोट तीन महिन्यांत परत आली नव्हती.

ती पायरीवर बसायची.
भात पुढे ठेवला की भाताकडे बघायची,
जसं कोणी दुसऱ्याच्या घराकडे बघतं.

कोटा भारूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तणाव आहे.
पांढऱ्या पाकिटात गोळ्या, सकाळ-रात्र.
मी एकही चुकवली नाही.
झोप आली तिला. ती मात्र आली नाही.

आमच्याकडे म्हणतात, प्रत्येकाच्या आत एक वारा असतो,
आंगिन. कुणाचा राजाचा, कुणाचा विदूषकाचा,
कुणाचा नुसता खोडकर पोराचा.
त्याला दार मिळालं नाही
की तो घरातलीच भांडी पाडतो.

मावशीचा वारा राजाचा.
माक योंगच्या मांडवात किती वर्षं राजा झाली ती:
कमरेला शेला, हातात चिरलेल्या वेताची जुडी,
विदूषकांना फटके, आणि चाल अशी
की बघणाऱ्यांनी नकळत पाय आवरून घ्यावेत.

मग बंदी आली. एक कागद, दोन शिक्के.
राजा मासळीच्या खारात कोपरापर्यंत हात घालून
उभा राहिला, रोजंदारीवर.
रात्री भिंतीकडे तोंड करून
मनगटं फिरवायची ती, एवढंच.
पांघरुणाखालचा नाच कोणत्या कलमात बसतो
हे कुणालाच सांगता आलं नसतं.

मी लहान, तिच्या शेजारी झोपायचे.
माझी पहिली शिकवणी ती, अंधारातली.
डोळ्यांनी नाही, चादरीच्या सळसळीवरून.

बंदी उठली तोवर तिचे गुडघे बसले होते.

पोक देरामान रेबाब घेऊन आले ते न बोलावता.
बोटं वाकडी झालेली, एक तार मोटरसायकलच्या ब्रेकची.
म्हणाले, "औषध नाही आणलं. औषध चालू ठेवा.
मला फक्त ऐकायला कुणीतरी हवंय."

आम्ही तिघी पूर्वेकडे तोंड करून बसलो,
रेबाबसमोर, पाय दुमडून, रीतीप्रमाणे:
मी, नोरेहान, आणि नोरेहानची दहावीतली मुलगी,
जिच्या पायाला मुंग्या आल्या
आणि तिने तसं मोठ्याने सांगितलं.

पहिला हात इतका सावकाश सुरू होतो
की सुरू झाला हे हातालाच उशिरा कळतं.
त्या हाताचं नाव: वेलीचा तणावा वाऱ्याशी खेळतो.
बोट पुढे जातं, काही सापडत नाही, परत येतं.
पुन्हा जातं.
तणाव्याला डोळे नसतात.
आधार आहे की नाही हे त्याला शिवल्यावरच कळतं.

मी चुकले. मुद्दाम नाही, खरंच चुकले,
डावं मनगट आधी वळवलं.

पायरीवरून मावशी म्हणाली,
"उजवं."

पोक देरामानचा गज थांबला नाही. शहाणा माणूस.

मावशी उठली नाही. राजा झाली नाही.
आझलीची चप्पल अजून दारात आहे,
आम्ही कुणी ती हलवत नाही.
पण मांडीवरचं तिचं एक बोट
जरा वर आलं, हवेत चाचपडलं,
काही सापडलं नाही, परत गेलं.

पुन्हा आलं.

दुसऱ्या दिवशी बुडूत मिरची कमी आहे म्हणाली.
मिरची होती. तरी मी धावत जाऊन आणखी आणली.

संध्याकाळी माझं मनगट धरून, जरा चिडूनच:
"आधी उजवं. कितीदा सांगायचं तुला?"

खरं तर याआधी एकदाच सांगितलं होतं,
तेही अंधारात,
तेही न बोलता.